विनावाहक

माझ्या पावणेचार वर्षांच्या नोकरीचे हस्तांतरण अकरा दिवसांत पूर्ण झाले. आयटी कंपनीत राजीनामा दिलेल्या माणसाने आपले काम मागे राहणाऱ्याला समजावून द्यायचे असते, त्याला तिथल्या भाषेत ‘केटी’ म्हणतात, आणि त्यासाठी एक्सेलमध्ये एक तक्ता भरावा लागतो: विषय कोणता, तारीख कोणती, तास किती, समोरच्याला समजले की नाही. आमच्या लीडने, म्हणजे टीमच्या प्रमुखाने, या तक्त्यासाठी सहा आठवडे राखून ठेवले होते. मी आठवून आठवून ओळी भरत गेले आणि अकराव्या ओळीनंतर लिहिण्यासारखे काही उरले नाही. माझ्या जागी येणारी मुलगी हुशार होती हे खरे, पण ती तशी नसती तरी फार तर पंधरा दिवस लागले असते. नोकरी सोडावी की सोडू नये या प्रश्नावर मी दीड वर्ष घालवले, नातेवाइकांचे सल्ले ऐकले, वहीत आकडेमोड केली, दोन वेळा राजीनाम्याचा मेल लिहून पुसला. हा तक्ता आधीच भरून पाहिला असता तर त्यातला बराचसा वेळ वाचला असता, असे आता वाटते.

मी मेकॅनिकलची पदवीधर आहे. चार वर्षे लेथ आणि थर्मोडायनॅमिक्सशी झगडायचे आणि शेवटच्या वर्षी कॅम्पसवर येणाऱ्या पहिल्या आयटी कंपनीच्या परीक्षेला बसायचे, ही आमच्या कराडकडच्या कॉलेजांतली जुनी रीत आहे आणि तिच्यात कोणाला काही विचित्र वाटत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मी रुजू झाले तेव्हा कोविडमुळे कंपनीची इमारतसुद्धा पाहिलेली नव्हती. लॅपटॉप कुरिअरने घरी आला, आईने त्याला हळदकुंकू वाहिले आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत माझी नोकरी सुरू झाली. वर्षाचे पॅकेज साडेतीन लाखांच्या आतले, हातात येणारे साधारण तेवीस हजार. सुरुवातीला जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवली आणि मग अशा सपोर्ट प्रोजेक्टवर, म्हणजे क्लायंटची तयार यंत्रणा चालू ठेवण्याच्या कामावर, टाकले, जिथे जावाची एक ओळही लिहायची नव्हती.

त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस, दिवाळीच्या तोंडावर, एसटीचा संप सुरू झाला. अण्णा, म्हणजे माझे वडील, १९९५ पासून एसटीत कंडक्टर. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करावे या मागणीसाठीचा तो संप पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला, आणि तेवढे महिने अण्णांचा पगार बंद होता. घराचा हप्ता, धाकट्या भावाची फी आणि किराणा हे सगळे माझ्या तेवीस हजारांत बसवावे लागले. नोव्हेंबरमध्ये सरकारने मूळ वेतनात वाढ जाहीर केली: दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षे झालेल्यांना ४,००० आणि त्यापुढच्यांना २,५००. अण्णांची सेवा तेव्हा सव्वीस वर्षांची होती. टीव्हीवरची बातमी संपल्यावर ते एवढेच म्हणाले, “नोकरी जितकी जुनी, तितकी वाढ कमी.” सरकारचे गणितही मला कळत होते, कारण नव्या कामगाराचा पगार खरोखरच लाजिरवाणा होता, तरी ते वाक्य डोक्यात राहिले, आणि पुढे आयटीतही त्याचा प्रत्यय आला. आमच्याकडे चार वर्षे टिकलेल्या माणसापेक्षा बाहेरून आलेल्या तेवढ्याच अनुभवाच्या माणसाला हमखास जास्त मिळते, आणि हे सर्वांना माहीत असूनही कोणी त्यावर मोठ्याने बोलत नाही.

२०२२ हे नोकऱ्या बदलण्याचे वर्ष होते. एकट्या इन्फोसिसने मार्चअखेरच्या बारा महिन्यांसाठी जाहीर केलेले गळतीचे प्रमाण २७.७ टक्के होते, म्हणजे शंभरातले जवळजवळ अठ्ठावीस जण वर्षभरात निघून गेले होते. माझ्या बॅचमधली मुले एकेका हातात दोन-दोन ऑफर घेऊन फिरत होती आणि दुप्पट पगारावर जात होती. मी गेले नाही, कारण नव्या ठिकाणी काही बिनसले तर घरात दुसरा पगार नव्हता. अण्णा कामावर परतले, अंगावरची देणी फिटली, भाऊ डिप्लोमा संपवून चाकणला लागला, आणि माझे पाय मोकळे झाले तोवर वारे फिरले होते. २०२३-२४ या वर्षात टीसीएससारख्या कंपनीची माणसे वाढायच्या ऐवजी १३,२४९ ने घटली. ज्या मैत्रिणी २०२२ मध्ये “चल ना” म्हणत होत्या, त्याच आता “आहेस तिथे राहा” म्हणू लागल्या.

कामाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ते कंटाळवाणे होते असे नुसते म्हटले तर ती तक्रार वाटेल, आणि मला ते काम बराच काळ आवडत होते.

आमचा क्लायंट ही अमेरिकेतली एक विमा कंपनी. तिथला कामाचा दिवस म्हणजे आपली रात्र, म्हणून हिंजवडीच्या तिसऱ्या फेजमधली आमची शिफ्ट संध्याकाळी साडेसहाला सुरू होऊन पहाटे साडेतीनला संपे. नोव्हेंबरात अमेरिकेची घड्याळे तासभर मागे जात आणि आमचे सगळे तासभर पुढे सरके: जेवण, झोप, कॅब. मार्चमध्ये पुन्हा उलट. वाकडच्या पीजीतल्या बाकीच्या मुलींना थंडी सुरू झाल्याचे हवेवरून कळे, मला कॅबच्या वेळेवरून कळे. शेवटी उतरणारी प्रवासी बाई असेल तर गाडीत सुरक्षारक्षक लागतो. आमचे गार्डकाका पुढच्या सीटवर बसत, भूमकर चौक येईपर्यंत घोरत आणि पीजीच्या दारात आपोआप जागे होऊन कागदावर माझी सही घेत.

स्क्रीनवर एक अलर्ट येई: अमुक सर्व्हरची डिस्क ९५ टक्के भरली. त्याचे तिकीट, म्हणजे सोडवायच्या अडचणीची नोंद, तयार होई. मी ते स्वतःच्या नावावर घेई, एसओपीचे, म्हणजे कामाच्या ठरलेल्या पायऱ्यांच्या पुस्तिकेचे, सतरावे पान उघडी, सर्व्हरवर लॉगिन करून सात दिवसांपूर्वीच्या लॉग फाइल्स (सर्व्हरच्या कामकाजाच्या नोंदी) काढून टाकी, डिस्क ७० टक्क्यांवर आल्याची खात्री करी, दोन ओळींचा शेरा लिही आणि तिकीट बंद करी. सहा मिनिटे. पहिल्या महिन्यात याच कामाला मला पाऊण तास लागला होता आणि तळहाताला घाम सुटला होता, कारण चुकीची फाइल उडाली तर हजारो मैलांवर कोणाचा तरी विम्याचा दावा अडकणार होता. पाऊण तासापासून सहा मिनिटांपर्यंतच्या प्रवासात शिकण्याचा खरा आनंद होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र हा प्रवास आठ-नऊ महिन्यांत संपला.

घरी यावर एक ठरलेला विनोद होता. अण्णा तिकीट फाडतात, पोरगी तिकीट बंद करते, आणि दोघांनाही मुक्कामाचा भत्ता मिळतो.

बदल मागितला नाही असे नाही. दोन वर्षे झाल्यावर मी डेव्हलपमेंटच्या टीममध्ये जाण्यासाठी रीतसर अर्ज केला. लीड चांगला माणूस होता, त्याने मला कॅन्टीनमध्ये चहा पाजला आणि म्हणाला, “तू गेलीस तर रात्रीची शिफ्ट कोण बघणार?” मी ते कौतुक समजून दोन दिवस खूश होते. यातली मेख नंतर लक्षात आली. सेवा देणाऱ्या कंपनीचे उत्पन्न माणशी मोजले जाते. क्लायंटच्या करारात माझ्या खुर्चीचे दर महिन्याला बिल लागत होते, आणि मला दुसरीकडे हलवायचे तर ती खुर्ची रिकामी ठेवण्याचा किंवा नवा माणूस तयार करण्याचा खर्च लीडच्या माथी येणार होता. मी जितकी बिनचूक होईन तितकी मला हलवणे महाग पडणार होते. जो मुलगा शिफ्टला उशिरा येई, ज्याच्याविरुद्ध क्लायंटने दोनदा मेल केले होते, त्याला मात्र सहा महिन्यांत दुसऱ्या प्रोजेक्टला सोडले, आणि तिथे तो आज चांगले काम करतो. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता, आणि म्हणूनच चिडायचे तरी कोणावर हे कळत नव्हते. अप्रेझलमध्ये माझे रेटिंग दरवर्षी मधले येई. साडेतीन वर्षांनी पॅकेज चार लाख साठ हजारांवर पोचले होते.

पहिली मुलाखत मी ‘सहज अंदाज घेऊ’ म्हणून दिली. पलीकडच्या बाईंनी विचारले, “गेल्या वर्षभरात तुम्हाला सर्वांत अवघड गेलेला प्रश्न कोणता, आणि तुम्ही तो कसा सोडवलात?” मी एसएलएचे, म्हणजे क्लायंटला कबूल केलेल्या मुदतीत किती तिकिटे सोडवली याचे, आकडे सांगू लागले. त्यांनी मला मध्येच सौम्यपणे थांबवले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या रात्री शिफ्टमध्ये मी गेल्या सहा महिन्यांची स्वतः बंद केलेली तिकिटे एक्सेलमध्ये उतरवून घेतली आणि त्यांची वर्गवारी केली. सहाशेच्या वर तिकिटे होती आणि त्यांतली चारशेहून अधिक चारच प्रकारची: लॉक झालेला अकाउंट, भरलेली डिस्क, वेळेवर न आलेल्या फाइलमुळे अडलेला जॉब (संगणकाने ठरल्या वेळी करायचे काम) आणि संथ झालेले ॲप्लिकेशन, जे बंद करून पुन्हा सुरू केले की सुधारते. उरलेल्या दोनशेंत विचार करावा लागे, पण तो विचार बहुतेक वेळा वरच्या पातळीवरच्या टीमकडे तिकीट ढकलण्यापर्यंतच असे.

मग मी एक उद्योग केला. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा मला येत नव्हती; शिफ्टच्या निवांत तासांत ती शिकत शिकत मी डिस्क साफ करणारी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिली. परवानग्या मिळवण्यात दोन महिने गेले, चाचणीत ती दोनदा सपशेल फसली, तिसऱ्यांदा चालली. डिस्कची तिकिटे जवळपास थांबली. क्लायंटकडून कौतुकाचा मेल आला आणि लीडने तो सर्वांना पाठवला. पुढच्याच तिमाहीत आमच्यातला एक जण नोकरी सोडून गेला आणि त्याची जागा भरली गेली नाही. ती माझ्या स्क्रिप्टमुळे भरली नाही असे कोणी म्हटले नाही. मला मात्र तिकिटांचे आकडे माहीत होते.

हे मी अण्णांना २०२५ च्या फेब्रुवारीत, कराडच्या घरी, ओट्यावर बसून सांगितले. ते ३१ मे रोजी निवृत्त होणार होते. आईचे मत आधीच देऊन झाले होते: हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. मावशीने फोनवर वेगळीच बाजू मांडली होती, की स्थळे बघण्याच्या वेळी कंपनीचे नाव मोठे असलेले बरे, नंतर काय ते बदल. अण्णांनी सगळे ऐकून घेतले आणि मशीनची गोष्ट काढली. मी शाळेत असताना त्यांच्याकडे तिकिटांचा ट्रे आणि चिमटा असे. दांड्यावर चिमटा टकटक वाजवत ते गर्दीतून पुढे सरकत, आणि फेरी संपली की वेबिल, म्हणजे फेरीतल्या तिकिटांच्या हिशोबाचा कागद, जुळवत बसत. मग तिकिटाचे मशीन आले. “मशीन आलं तेव्हा मला बरं वाटलं होतं,” ते म्हणाले. “हिशोब पटकन व्हायचा, जेवायला वेळ मिळायचा. साताऱ्याहून स्वारगेटला विनावाहक गाडी सुटलेली बघितली, तेव्हा कळलं मशीन कशाची सुरुवात होती.” विनावाहक म्हणजे कंडक्टरविना: तिकीट स्टँडवरच द्यायचे, दार लावायचे, मध्ये थांबा नाही. गाडी तीच आणि प्रवासीही तेच असतात.

मी विचारले, मग तुम्ही वाहतूक नियंत्रकाची परीक्षा का दिली नाहीत? ते थोडे गप्प राहिले. “चांगली लाइन मिळाली होती,” ते म्हणाले. “रोज रात्री घरी येता येत होतं. तुम्ही लहान होता. बढतीबरोबर बदली आली असती.” त्यांच्या स्वरात पश्चात्ताप नव्हता आणि मीही तो शोधू नये. त्या सोयीच्या लाइनमुळेच आमचा अभ्यास वडील घरात असताना झाला. पण ओट्यावरून उठताना मला जाणवले, की माझ्या रात्रपाळीत तशी काहीच सोय नाही. मी तिला धरून बसले आहे ती केवळ सवयीने.

अण्णांचा पुढचा प्रश्न व्यवहाराचा होता: “ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात ना?” आम्ही दोघांनी वहीत हिशोब मांडला. मूळ पगार १४,००० रुपये. त्याला पंधराने गुणायचे, सव्विसाने भागायचे, पाच वर्षांनी गुणायचे. चाळीस हजारांच्या थोडे वर. त्यासाठी आणखी दीड वर्ष थांबावे लागणार होते. नव्या नोकरीत महिन्याला दहा-बारा हजार जरी जास्त मिळाले, तरी ही रक्कम चार महिन्यांत वसूल होत होती. भीतीचे बाकी कोणतेच कारण वहीत मांडता येत नसल्यामुळे मी इतके महिने याच चाळीस हजारांच्या आड लपले होते, हे त्या रात्री कबूल करावे लागले.

मार्चच्या मध्यात एका मोठ्या कंपनीची ऑफर आली. काम तेच सपोर्टचे, शिफ्ट तीच, पॅकेज आठ लाख. मी राजीनामा दिला. आयटीतली एक गंमत बाहेरच्यांना ठाऊक नसते: नोटीस नव्वद दिवसांची, आणि मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाला माणूस तीस दिवसांत हवा असतो, त्यामुळे राजीनामा देण्यापूर्वी फारसे कोणी दारात उभे करत नाही आणि दिल्यानंतर, दिवस कमी होत जातात तसतसा फोन अधिकाधिक वाजतो. एप्रिलमध्ये असाच एक फोन बाणेरमधल्या पन्नास-साठ माणसांच्या कंपनीतून आला. त्यांना सर्व्हरची देखभाल स्वयंचलित करणाऱ्या टीममध्ये माणूस हवा होता. मुलाखतीत जवळजवळ तोच जुना प्रश्न आला, आणि या वेळी मी पाऊण तास बोलले: स्क्रिप्ट दोनदा कशी फसली, कोणती फाइल चुकून उडाली असती, परवानगी कशी मिळवली. पॅकेज त्यांनी साडेसहा लाख सांगितले, वर सहा महिन्यांचे प्रोबेशन.

दीड लाखांचा हा फरक मी आठवडाभर चघळला. आठ लाखांची नोकरी म्हणजे तिथेही दोन वर्षांनी अकरा ओळींचा तक्ता, फक्त खुर्ची अधिक महाग आणि म्हणून हलवायला अधिक अवघड. साडेसहा लाखांच्या नोकरीत कंपनीच बुडण्याची शक्यता होती. शिवाय मी स्वीकारलेली ऑफर नाकारणार होते, म्हणजे शब्द मोडणार होते, आणि कंपन्याही शेवटच्या क्षणी ऑफर मागे घेतात हे समर्थन मला आजही पुरेसे वाटत नाही. मी त्या मोठ्या कंपनीच्या एचआरना मेल न पाठवता फोन केला. त्या तीस सेकंद गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “निदान फोन केलात.” मग मी बाणेरला होकार कळवला. मावशीला कंपनीचे नाव तीनदा सांगावे लागले.

मी जाण्यापूर्वी आमच्या लीडने पगार वाढवून देण्याची तयारी दाखवली आणि बरोबर डेव्हलपमेंटमध्ये बदलीही. दोन वर्षांपूर्वी मागितलेली गोष्ट राजीनाम्यानंतर चार दिवसांत शक्य झाली होती. मी चहा घेतला आणि नको म्हणाले.

जूनच्या मध्यात लॅपटॉप परत केला. जुलैच्या अखेरीस टीसीएसने आपल्या सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक माणसांना कमी करणार असल्याचे जाहीर केले, आणि त्यांत बहुतेक मधल्या व वरच्या फळीतले असतील असेही सांगितले. आईने पेपरातली ती बातमी मला मोठ्याने वाचून दाखवली, पण त्यावरून मी बरोबर केले की चूक हे तिलाही ठरवता आले नाही. नव्या ठिकाणी मी सध्या रोज कुठे ना कुठे अडते. आमची टीम जे बनवते त्याने कुठल्यातरी रात्रपाळीतल्या खुर्च्या कमी होणार आहेत, हे मला कळते, आणि ते कळूनही सकाळी बाणेरच्या बसमध्ये चढताना पाऊल जड होत नाही. यावर मला विचार करायला हवा, आणि तो मी पुढे ढकलत आहे.

दोन नोकऱ्यांच्या मधल्या सुट्टीत वाकडच्या पुलावर गाडी पकडून घरी गेले, तेव्हा निवृत्त अण्णा जमिनीवर स्वतःचे कागद पसरून बसले होते. जुन्या कंपनीचा पीएफ मी काढून घेणार होते. नवा गॅस, गादी, भाड्याच्या खोलीचे डिपॉझिट असे खर्च होते. त्यांनी काढू दिला नाही. पाच वर्षांच्या आत काढलास तर कर लागेल, ट्रान्सफर कर, म्हणाले. मग मोबाइलवर माझे पासबुक उघडायला लावून त्यांनी एकेक रकाना तपासला आणि पेन्शनच्या रकान्यावर बोट ठेवले.

“याला दहा वर्षं लागतात. तुझी झाली किती?”

“तीन वर्षं दहा महिने.”

त्यांनी जवळच्या एका जुन्या वेबिलाच्या पाठीवर वजाबाकी केली, ६ वर्षे २ महिने असे लिहिले, त्याभोवती गोल काढला आणि तो कागद माझ्या फाइलीत लावून टाकला.